गाडीला आलेलं बोलावणं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. विषय डोक्यात घोळत होता, पण थोडा घरातला आणि थोडा इतिहासाचा असा दोन्हीकडचा असल्यामुळे कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. शेवटी आखाजीपासूनच करतो.

खानदेशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तिचं महत्त्व दिवाळीच्या तोडीचं. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघर सांजोऱ्या होतात. पण लेक आपली आपण पिशवी उचलून येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक वेळा तो भाऊच असतो. नुसता 'ये गं' असा निरोप पाठवून भागत नाही. कुणीतरी दारात जाऊन उभं राहावं लागतं. आता फोन आहेत, गाड्या आहेत, ताई सकाळी निघाली तर दुपारच्या जेवणाला अमळनेरला पोचेल. तरी आई दरवर्षी मला पुण्याहून पिटाळतेच.. "जा, ताईला घेऊन ये."

ताईचं सासर सोनगीर. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर महामार्गावरूनच किल्ल्याची टेकडी दिसते, तेच. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेलं गाव. आमच्या ताईच्या लग्नातला हंडासुद्धा सोनगीरचाच होता, म्हणजे तो माहेरून परत आपल्या गावी गेला असं दाजी अजून चिडवतात.

मी पोचलो त्या दिवशी भाचीचा परीक्षेचा शेवटचा पेपर होता. ती तिसरीत, शाळा धुळ्याला. दुपारी तिची व्हॅन फाट्यावर येते म्हणून मी आणायला गेलो. पिवळी व्हॅन आली, थांबली, पण दार उघडेना. मग आतून भाचीचा आवाज आला, "थांब मामा, सोडते." आणि तिने सुतळीची गाठ सोडली. सरकत्या दाराचा खटका बसत नव्हता म्हणून दाराची मूठ आणि सीटचा दांडा यांच्यात सुतळी बांधलेली होती. ती बांधायचं आणि सोडायचं काम दाराजवळ बसणाऱ्याचं, म्हणजे आमच्या भाचीचं.

"मी दाराची मॉनिटर आहे," ती म्हणाली. तिला त्याचा चक्क अभिमान होता.

खरं सांगतो, मी हसलो. तिचा फोटोही काढला. व्हॅनवाले आप्पा म्हणाले, "काई व्हत नही पाव्हना, दरवाजा जरासा ढिला शे." मीही म्हटलं, ठीक आहे.

रात्री मात्र झोप लागेना. ताईच्या घरातून महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येतो. हा मुंबई-आग्रा रस्ता. याच रस्त्यावर शिरपूरच्या पुढे पळासनेरला ४ जुलै २०२३ ला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात शिरला होता. बसची वाट पाहत उभी असलेली माणसंही त्यात गेली. त्याच रस्त्यावरून रोज चाळीस किलोमीटर, सुतळी धरून.. आणि मी फोटो काढला!

सकाळी आप्पांकडे गेलो आणि गाडीचे कागद मागितले. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून ओट्यावर मांडले. फिटनेस होतं, विमा होता, पीयूसी होतं. माणूस चोख. आरसी बुकात मालकाचा क्रमांक तिसरा. गाडी सहा वर्षांची, पहिला मालक गुजरातेतला, दुसरा नंदुरबारचा, आणि दोन वर्षांपूर्वी ती आप्पांकडे आली.

माझ्या स्वतःच्या गाडीला मागे एकदा कंपनीकडून एसेमेस आला होता की अमुक भाग तपासायचा आहे, गाडी घेऊन या. तेव्हा कळलं होतं की कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की आपली गाडी अशा यादीत आहे का ते दिसतं. सहज म्हणून आप्पांच्या व्हॅनचा नंबर टाकला. (कंपनीचं नाव सांगत नाही, मुद्दा तो नाही. कंपनीने स्वतःहून यादी काढली होती, हे तिच्या बाजूनेच आहे.)

गाडी यादीत होती. दाराच्या खटक्यासाठी नाही, तर ब्रेकच्या एका नळीसाठी. चार वर्षांपूर्वीचं बोलावणं, काम झालेलं नाही. जी सुतळी मला दिसली होती तो खरा धोका नव्हताच. खरा धोका गाडीच्या पोटाखाली होता आणि तो कुणालाच दिसत नव्हता.

आप्पा बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगाले कोनीच उनं नही, भाऊ."

त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. सुट्टीत आणि नंतर पुण्याला परतल्यावरही मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. त्यातलं थोडं इथे मांडतो.

विकलेली गाडी दोषासाठी परत बोलावणं, ज्याला आपण सरळ 'रिकॉल' म्हणतो, त्याचा कायदा प्रथम अमेरिकेत झाला. १९६५ साली राल्फ नेडर यांचं मोटारगाड्यांच्या असुरक्षित बांधणीवरचं पुस्तक गाजलं आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, तिथे वाहन सुरक्षेचा कायदा आला. पण गंमत बघा, त्या कायद्याने कंपनीवर बंधन होतं ते फक्त कळवण्याचं. तुमच्या गाडीत दोष आहे एवढं पत्र पाठवलं की झालं, दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा ते मोघमच. फुकट दुरुस्ती करून देण्याची सक्ती १९७४ च्या दुरुस्तीने आली. त्या १९७४ च्या कायद्याच्या नावातच 'स्कूल बस' हे शब्द आहेत. म्हणजे 'नुसतं सांगू नका, नीट करून द्या' हा हक्क आणि शाळेच्या बसची सुरक्षा या दोन गोष्टी एकाच कायद्यातून आल्या.

शाळेची बस पिवळी असण्याची गोष्ट त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी परिषद भरवली. तोवर कुठे कुठे मुलं घोडागाडीतूनही शाळेत जात. त्या परिषदेत बसचे मिळून ४४ निकष ठरले, त्यातला एक रंगाचा. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं उठून दिसतात म्हणून पिवळा. आपल्या सोनगीर फाट्यावर थांबणारी व्हॅन पिवळी आहे त्याचं मूळ असं तिकडे आहे.

१९७४ च्या कायद्यानुसार स्कूल बससाठी नवे निकष लागू झाले ते १ एप्रिल १९७७ पासून. त्यात इंधनाच्या टाकीला धडकेपासून संरक्षण असावं हेही होतं. पण निकष त्या तारखेनंतर बनणाऱ्या बसना. आधी बनलेल्यांना नाही. पुढे १४ मे १९८८ ला केंटकी राज्यात कॅरोल्टन गावाजवळ काय झालं ते वाचून माझं जेवण गेलं. चर्चच्या मुलांची सहल परतत होती. उलट्या बाजूने आलेल्या दारुड्याच्या गाडीने बसला समोरून धडक दिली. धडकेने आतलं कुणी मेलं नाही. पण टाकी फुटली, आग लागली, पुढचं दार अडकलं आणि मागच्या एका दाराशी सगळे कोंडले. २७ जण गेले, त्यात २४ मुलं-मुली. ती बस मूळची शाळेची, शाळेने वापरून झाल्यावर चर्चने घेतलेली. आणि तिची चेसिस बनली होती मार्च १९७७ मध्ये, म्हणजे नवा निकष लागू होण्याच्या काही दिवस आधी.

सेकंडहॅन्ड बस, आणि थोडक्यात हुकलेली तारीख. केंटकी कुठे आणि सोनगीर कुठे, पण मला ही गोष्ट फार ओळखीची वाटली.

आता आपल्याकडे येऊ. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. २८ मुलं गेली. दिल्लीच्या वाहतुकीबद्दल एम. सी. मेहता यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आधीपासून चालू होता. त्यात दोनच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, आणि मग डिसेंबरात न्यायालयाने आदेश दिले. बसला ताशी ४० किलोमीटरचा वेगनियंत्रक, वर्षात दोनदापेक्षा जास्त दंड झालेला ड्रायव्हर नको, मुलांसोबत जबाबदार माणूस हवा. आज प्रत्येक शाळेच्या बसवर जे नियम आपण बघतो त्यांची सुरुवात तिथे आहे. मग २००५ मध्ये स्कूल बसच्या बांधणीचं स्वतंत्र मानक आलं, सोनेरी पिवळा रंग, पायरीची उंची, संकटकालीन दार वगैरे. आपल्या राज्याने मार्च २०११ मध्ये स्कूल बससाठी नियमावली केली. त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचाही माणूस हवा असं आहे. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने शाळेच्या बसमध्ये आगीची सूचना देणारी आणि प्रवाशांना वाचवणारी यंत्रणा सक्तीची करण्याची अधिसूचना काढली.

हे सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. यातले बहुतेक नियम एखाद्या अपघाताच्या मागून आलेले आहेत. मुलं जातात, मग नियम येतो. रिकॉल ही मला दिसलेली एकच गोष्ट अशी, जी मोडायच्या आधी येते. कंपनीला कळतं की हा भाग कच्चा आहे, आणि अजून काही झालेलं नसताना ती म्हणते, घेऊन या, बदलून देतो.

मग ही आधी येणारी गोष्ट आपल्याकडे कधी आली? सगळ्यात उशिरा! जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वतःहून रिकॉलची संहिता केली, पण ती ऐच्छिक. कायद्यात रिकॉल आला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने, कलम ११०-अ. त्याचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. आता सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं, दंड एक कोटीपर्यंत. लोकांच्या तक्रारी पोर्टलवर घेतल्या जातात, आणि बससाठी वर्षाच्या विक्रीच्या तीन टक्के तक्रारी झाल्या की चौकशीची पाळी येते. पण गाडी बनून सात वर्षं झालेली नसावीत.

सात वर्षं! आमच्याकडे गाडी येते तीच मुळात चार-पाच वर्षांची होऊन. शहरातलं तारुण्य संपवून ती तालुक्याला येते, तिथून गावाला, मग पिवळा रंग लावून शाळेला. गाडीचं वय जसं वाढतं तशी तिच्यात बसणारी मुलं वाढतात, आणि तिच्याबद्दल विचारणारं कुणी उरत नाही.

कंपन्या स्वतःहून बोलावतात हे मात्र खरं आहे. गावोगाव शाळेच्या मुलांसाठी जी गाडी सर्रास दिसते, त्या मारुती ईकोचंच बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ ईको बोलावल्या गेल्या, हेडलॅम्पवर मानकाची खूण नव्हती म्हणून. एप्रिल २०२२ मध्ये १९,७३१, चाकाच्या रिमवर माप चुकीचं छापलं गेलं होतं म्हणून. या दोन वाचून हसू येईल, एवढ्याशा खुणेसाठी एवढ्या गाड्या. पण जुलै २०२३ मध्ये ईको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या, त्या स्टेअरिंगच्या टाय रॉडसाठी. स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा हा दांडा. तो तुटला तर ड्रायव्हर कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. असं बोलावणं निघणं ही लाजेची गोष्ट नाही, चांगली गोष्ट आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ते पोचतं कुणाला?

ते पोचतं कागदावरच्या मालकाला. कंपनीकडे पत्ता असतो तो पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याचा. आप्पांच्या व्हॅनचं पत्र गुजरातेत कुठल्या तरी दारात पडलं असेल आणि त्या माणसाने 'आपली गाडी तर केव्हाच विकली' म्हणून टाकून दिलं असेल. चूक कुणाची म्हणायची? कंपनीने कळवलं. पहिल्या मालकाने गाडी रीतसर विकली. आप्पांनी कागद चोख ठेवले. शाळेच्या समितीने फिटनेस आणि विमा बघितला. समितीच्या २०११ च्या यादीत रिकॉल कुठून असणार, तो कायदाच आठ वर्षांनी आला. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि माझी भाची दोन वर्षं त्या गाडीतून गेली. आणि ताईने, दाजींनी, मी तरी कधी विचारलं? ताई, तू हे वाचशीलच. तुला दोष देत नाहीये. मी तर मॉनिटरचा फोटो काढणारा मामा.

ताईच्या शेजारी एक म्हातारे तांबट राहतात. आता हात चालत नाहीत, पण ओट्यावर बसून गोष्टी सांगतात. त्या संध्याकाळी त्यांच्याशी हे बोलत होतो तर म्हणाले, आमच्या वेळीही असं व्हायचं. एखाद्या खेपेचा पत्रा खराब निघायचा, जोड धरायचा नाही. मग बाजाराच्या दिवशी त्या त्या गावची माणसं गाठायची आणि सांगायचं, अमक्याच्या घरचा हंडा परत पाठवा, पैसे नाही लागणार. मी विचारलं, कुठला हंडा कुणाकडे गेला ते कसं कळायचं? ते म्हणाले, भांड्यावर नाव घालून कोण देत होतं? आम्हीच ना!

लग्नातल्या भांड्यांवर टिंबांटिंबांनी नाव घातलेलं असतं ते आठवलं. गाडीच्या चेसिसवरही नंबर घातलेला असतोच. फरक इतकाच, की तांबटाला त्या नावामागचं घर माहीत होतं.

असो. आखाजी झाली. ताई-भाचीला अमळनेरला पोचवून मी परत सोनगीरला आलो आणि आप्पांबरोबर व्हॅन घेऊन धुळ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. कुणी कटकट केली नाही. दोन तासांत नळी बदलून मिळाली, एक पैसा घेतला नाही. जुनी नळी आप्पांनी मागून घेतली. वरून चांगली दिसत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी वाकवली तेव्हा आतल्या बाजूला चीर दिसली. ते काही बोलले नाहीत. नळी खिशात घातली. येताना फाट्यावरच्या मेकॅनिककडून दाराचा खटकाही बसवून घेतला. तो नेमका पैसे देऊन!

घरी आल्यावर आप्पांनी आपल्या ओळखीच्या व्हॅनवाल्यांना फोन लावले. रात्रीपर्यंत माझ्या मोबाइलवर सात आरसी बुकांचे फोटो आले, काही तिरपे, काहींवर चहाचे डाग. सातपैकी एक गाडी यादीत निघाली. तिचा मालक दुसऱ्या दिवशी आप्पांनाच घेऊन धुळ्याला गेला.

तेव्हा मला वाटलं, या सगळ्या व्यवस्थेत मुराळीच नाही. बोलावणं आहे, कायदा आहे, फुकट दुरुस्ती आहे, पण दारात जाऊन उभं राहणारं माणूस नाही. आपल्याकडे नुसत्या पत्राने कुणी माहेरी जात नाही, मग गाडी कशी जाईल? आरटीओला फिटनेससाठी गाडी आली की तिथेच नंबर तपासला, तर काम होईल. शाळेच्या समितीने जूनमध्ये गाड्यांच्या कागदांबरोबर एवढं एक बघितलं तरी होईल. २०२५ मध्ये राज्य सरकारने लहान स्कूल व्हॅनसाठी वेगळी नियमावली आणण्याचं जाहीर केलं, जीपीएस, कॅमेरे, दाराचा अलार्म वगैरे. चांगलंच आहे. पण कॅमेऱ्याला ब्रेकची नळी दिसत नाही.

तोवर मुराळी आपणच. तुमची मुलं, नातवंडं, भाचरं ज्या गाडीतून जातात तिच्या ड्रायव्हरकडे चहाच्या निमित्ताने जा. भांडायला नको, ती गाडी म्हणजे त्याचंही पोट आहे. आरसीवरचा चेसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करा. पाच मिनिटं लागतात. कुणाची गाडी यादीत निघाली तर मला जरूर कळवा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ताईचा फोन आला. पालकांच्या सभेत दाजींनी विषय काढला होता, काही जण हसले, पण मुख्याध्यापकांनी सगळ्या व्हॅनचे चेसिस नंबर मागवले. मग भाचीने फोन ओढून घेतला. आवाज फुरंगटलेला.

"मामा, आप्पांनी सुतळी काढून टाकली. आता मला काही कामच नाही."